झाडामागची सारंगी

“ताई, शिनिमा जरूर बघा. पन पडद्यावरच्या बोटांकडं बघू नका. कान तेवढं उघडं ठेवा.”

लालसाबचाचांनी हे इतकं स्वच्छ सांगितलं होतं. बोळात उभं राहून, मान वर करून, दोनदा सांगितलं होतं. आणि गिरिजाने काय केलं, तर हसून “बरं बरं, चाचा” म्हटलं आणि चिमीची दुपटी दोरीवर टाकायला वळली. म्हातारा माणूस, आली असेल काहीतरी लहर. सिनेमाला जायचं आणि बघायचं नाही, ह्याला काय अर्थ आहे?

बरं, सांगायचं कुणाला, तर गिरिजाला! जिचे डोळे झोपेतसुद्धा पुरते मिटत नसतील. पुण्याच्या कॉलेजातून बी.ए. होऊन, एका शाळामास्तराशी लग्न करून ती सोलापुरात आली त्याला तीन वर्षं झाली होती आणि चिमी जन्मल्याला आठ महिने. या आठ महिन्यांत तिने पाहिलं नाही असं काही उरलं नव्हतं. पोर शिंकली की ती खिडक्या लावायची, पोर घामेजली की उघडायची. पोर जास्त वेळ झोपली तर नाकाशी बोट धरून श्वास बघायची आणि झोपली नाही तर कपाळाला हात लावून ताप. मास्तर म्हणायचे, “अगं, शाळेत इन्स्पेक्टर येतात ते वर्षातून एकदा. तू तर तासातासाला तपासणी घेतेस.”

त्या चिमीला झोप यायची ती एकाच गोष्टीने. बोळाच्या पलीकडे, अगदी समोरच्या खिडकीत, लालसाबचाचा दुपारी सारंगीचा रियाज करत. गिरणीचा दुपारचा भोंगा झाला की चाचांचा गज तारेवर फिरायचा, आणि भोंग्याने दचकलेली चिमी सारंगीने निवायची. पाळण्याची दोरी हातात धरून गिरिजा समोर बघत बसे. बोळ इतका अरुंद की बघायचं नाही म्हटलं तरी दिसायचं. चाचा आधी डाव्या हाताच्या बोटांना शंखजिऱ्याची पूड चोळत. मग सारंगी छातीशी उभी धरत आणि तार दाबत ती बोटांच्या टोकांनी नव्हे, तर नखांच्या मुळाशी जी कातडी असते, तिने. बोट बाजूने तारेला टेकायचं आणि नखाच्या आधाराने वर-खाली घसरायचं. चाळीस वर्षं घासून त्या जागी काळे घट्टे पडले होते. गिरिजाला आधी ते पाहून कळवळायला व्हायचं. मग सवय झाली.

मूकपटांच्या दिवसांत चाचा थेटरात पडद्याखाली बसून वाजवत. जोडीला ज्ञानबा तबलजी. पडद्यावर राणी रडली की सारंगी, राजा चालून आला की तबला. अशी अकरा वर्षं गेली. मग चित्रं आपल्या तोंडाने बोलायला लागली आणि मालकाने खालच्या दोघांना घरी बसवलं. ज्ञानबा गाव सोडून गेला. चाचा दोन वर्षं नुसते बसून होते. लेक रशीदा टोप्या शिवायची, त्यावर त्यांची चूल पेटायची. आणि मग, गेल्या हिवाळ्यात, कोल्हापूरच्या एका फिल्म कंपनीचं बोलावणं आलं. चाचा सारंगी गवसणीत घालून कुर्डुवाडीच्या गाडीत बसले ते तीन महिन्यांनी परतले. ते तीन महिने चिमी झोपली नाही आणि तिच्यापायी गिरिजाही नाही. आले ते अंगाने भरून आले, नवी टोपी घालून आले. “काय केलंत हो तिकडं?” असं विचारलं तर म्हणाले, “होतो कंपनीत.” संपलं.

आणि आता, पस्तीस सालच्या भर उन्हाळ्यात, त्याच कंपनीचा बोलपट सोलापुरात लागला होता. गोष्ट दरबारातल्या एका तरुण सारंगियाची. टांग्यातून ताशा वाजवत जाहिराती वाटल्या गेल्या. गुलाबी कागदावर ठळक अक्षरं: ‘नायक स्वतः सारंगी वाजवतो! पाहा आणि ऐका!’

गुरुवारी दुपारी जनाना खेळ. शेजारची रत्नम्मा टांगा घेऊन दाराशी आली. हिच्या घरी सहा हातमाग. नवऱ्यापेक्षा हिचाच धोटा वेगाने चालतो असं साखर पेठेत म्हणत. गिरिजाच्या कडेवर चिमी पाहून तिने कपाळाला हात लावला.

“अय्यो गिरिजम्मा, हिला कशाला घेतलं? आत बोंब मारते की ती.”

“घरी ठेवून मला चैन पडणार आहे का?”

“मग तुला नको न्यायला. तूच जास्त रडतीस.”

आत गेल्यावर रत्नम्माचं खरं झालं. दिवे गेले, पडद्यावर राजाची स्वारी निघाली, कर्ण्यांचा असा काही आवाज आला की चिमीने थेट टाहो फोडला. गिरिजाने तिला खांद्यावर घेतलं, मांडीवर घेतलं, पदराखाली घेतलं. पुढच्या बाकावरची बाई वळून म्हणाली, “अवो, कुटं बाहेर तरी घिऊन जावा की तिला! तिकीट आमी राजाचं काढलंय, हिचं न्हाय.” चारी बाजूंनी हशा पिकला. गिरिजा कानकोंडी होऊन उठलीच होती. पण तेवढ्यात पडद्यावर बाग आली, चांदणं आलं, आणि सारंगी सुरू झाली.

चिमी गप्प झाली.

अशी गप्प झाली की हुंदका अर्ध्यावर राहिला. तिने मान वळवली. पडद्याकडे नाही, इकडेतिकडे, जणू खिडकी कुठे आहे ते शोधत होती. मग अंगठा तोंडात गेला, पापण्या जड झाल्या, आणि दोनशे बायकांच्या त्या उकाड्यात पोर गाढ झोपली.

गिरिजा उभीच होती. एक विशिष्ट मुरका होता. खालच्या सुरावरून गज न उचलता वर जाऊन, मध्येच थबकून, जणू काही विसरलं ते आठवून परत खाली यायचं. हा मुरका तिने शंभर दुपारी ऐकला होता. तिने पडद्याकडे पाहिलं. सांगितलं होतं त्याच्या अगदी उलट, पडद्यावरच्या बोटांकडेच पाहिलं. नायकाचा हात पडदाभर मोठा झाला होता. गोरी, लांब, सुरेख बोटं. आणि तो गडी तारा दाबत होता बोटांच्या टोकांनी! वरून! पेटीची पट्टी दाबावी तसा! एकाही नखाशी घट्टा नाही. सारंगी रडत होती खालच्या सप्तकात आणि बोटं चालली होती तळाला, चढ्या सुरांच्या जागी.

“रत्नम्मा,” तिने शेजारणीचा दंड गच्च धरला, “हा वाजवत नाहीये!”

“मग काय करतोय?”

“खाजवतोय! चाचा वाजवतायत. आपले चाचा! ह्या पडद्यामागे आपले लालसाबचाचा आहेत गं!”

रत्नम्माने डोळे बारीक करून पडदाभर पसरलेला तो हात क्षणभर न्याहाळला. तिला सारंगीतलं काही कळत नव्हतं, पण हात कळत होते. “व्हय की,” ती म्हणाली, “मागावर कधी न बसलेला माणूस धोटा धरतो, तसं धरलंय ह्यानं.”

त्यानंतर पडद्यावर काय घडलं ते गिरिजाला धड सांगता आलं नसतं. तिचा आनंद पोटात मावत नव्हता. अख्खं सोलापूर माना डोलावत होतं आणि कुणाला पत्ता नव्हता की हा हात आपल्याच बोळातला!

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. शुक्रवारी दुपारी वकिलीणबाईंच्या, म्हणजे बाळाबाईंच्या, माडीवर भगिनी मंडळ भरे. आधी पुस्तकांवर चर्चा व्हायची. बोलपट आल्यापासून पुस्तकं मागे पडली. गिरिजा गेली तेव्हा अकरा बायका जमल्या होत्या आणि चर्चा ऐन रंगात आली होती.

“मला बाई, तो शेवटी आंधळा होतो ना, तिथं राहवलंच नाही,” अंबुबाई डोळे पुसत म्हणाल्या. साठीच्या अंबुबाई कुठल्याही बोलपटात एकदा रडल्याशिवाय पैसे वसूल झाले असं मानत नसत.

“पण आंधळा कशाला करायचा त्याला?” गिरिजाने बसता बसता विचारलं. “मी म्हणते, गाणारा-वाजवणारा सिनेमात आला की शेवटच्या रिळात त्याला काहीतरी झालंच पाहिजे, असा कायदा आहे का? एक तर डोळे जातात, नाहीतर गळा जातो, नाहीतर राजकन्या जाते. साधा, जेवूनखाऊन रियाज करणारा माणूस ह्यांना दिसतच नाही.”

“जेवूनखाऊन रियाज करणाऱ्याचं तिकीट कोण काढणार?” बाळाबाई हसल्या. “पण मुद्दा बरोबर आहे. संगीतावरचा बोलपट म्हणायचा आणि संगीत किती? दोन गाणी, बाकी अश्रू. तरी मी म्हणते, ज्या बायकांना बैठकीच्या दाराशी कुणी उभं करत नाही, त्यांनी काल घटकाभर सारंगी ऐकली. हे काय थोडं झालं?”

“आणि वाजवतो काय तो!” कुणीतरी म्हणालं. “दिसायला राजबिंडा, वर हातात एवढी कला. सात जन्मांचं पुण्य हो.”

“सहा महिने उस्तादाकडं शिकला म्हणे, जाहिरातीत होतं.”

“सहा महिन्यांत?” गिरिजा उसळली. “सहा महिन्यांत सारंगीचा सूर लागत नाही, बाई! आणि त्याने वाजवलेलीच नाही मुळी.”

चिमीला अंबुबाईंच्या मांडीवर देऊन, कॉलेजातल्या वादविवादात उभं राहावं तशी ती उठली. कोपऱ्यातलं लाटणं घेतलं, छातीशी उभं धरलं, पंख्याच्या दांडीचा गज केला. “हे बघा. पडद्यावर तो असं दाबतो. बरोबर? बोटाच्या टोकाने. खरा सारंगिया असं धरतो. नखाच्या मुळाशी, बाजूने. तसं धरलं तरच तो घसरता सूर निघतो. टोकाने दाबलं की सूर तुटतो. आणि काल एकही सूर तुटला नाही.”

“ह्या पोरीचे डोळे आहेत का दुर्बीण!” अंबुबाई म्हणाल्या.

“मग वाजवली कुणी?” हा प्रश्न केराबाईंचा. केराबाई गावातल्या साप्ताहिकात स्त्रियांचं पान लिहीत. छापखाना त्यांच्या भावाचा. त्यांच्या मांडीवर वही होती आणि वहीवर पेन्सिल तयार होती, हे गिरिजाला दिसलं. दिसलं, पण त्या क्षणी त्याचा अर्थ लागला नाही.

“आमच्या समोरच्या लालसाबचाचांनी!” ती म्हणाली, आणि मग थांबलीच नाही. कोल्हापूर, तीन महिने, मुरका, झोपलेली चिमी, सगळं सांगून टाकलं. बायका टाळ्या पिटू लागल्या. बाळाबाईंनी तिला पेढा भरवला.

घरी येताना तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. मास्तर शाळेत, म्हणून ती सरळ समोरच्या घरात शिरली. रशीदा खिडकीशी बसून टोपीला जर लावत होती. चाचा बाजारात गेले होते.

“रशीदा, तुझ्या अब्बांचं नाव उद्या पेपरात येणार!”

रशीदाची सुई थांबली. “कोणतं नाव? कशापायी?”

गिरिजाने सांगितलं. सांगता सांगता तिला दिसलं की समोरच्या मुलीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चालला आहे, आणि सांगणं आपोआप हळू होत गेलं.

“ताई,” रशीदा म्हणाली, “तुमी अब्बांची रोटी घालवलात.”

मग कळलं ते असं. कंपनीने चाचांकडून कागदावर अंगठा घेतला होता. नायक स्वतः वाजवतो असंच लोकांना कळलं पाहिजे; चाचांनी कुणाला, अगदी सोयऱ्यालाही, सांगायचं नाही. तोंड बंद राहिलं तर पुढच्या बोलपटालाही तेच. तो बोलपट पुढच्याच महिन्यात सुरू व्हायचा होता. बोभाटा झाला तर दुसरा सारंगिया बघू, असं मॅनेजरने स्पष्ट बजावलं होतं. दोन वर्षं रिकामं बसल्यावर हाताला लागलेलं हे काम. म्हणून तर त्यांनी सांगितलं होतं, बोटांकडं बघू नका.

चाचा पिशवी घेऊन दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. गिरिजाला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“चुकी माझीच हाय,” ते खाली बसत म्हणाले. “बघू नका म्हटलं की मानूस बघतंयच. आन तुमी तर पोरीच्या पाळन्यापास्नं माझी बोटंच बघत आलाव.” मग, जणू राहवलंच नाही, त्यांनी विचारलं, “बागेतला तुकडा होता का? चांदन्यातला?”

“होता. चिमी त्यावरच झोपली, चाचा. दोनशे बायकांत.”

“झोपली?” म्हाताऱ्याच्या डोळ्यांत असं काही चमकलं की गिरिजाला रडू फुटलं. “तितं एक कागदाचं झाड केलतं. मी झाडामागं. वर काठीला माईक टांगलेला. आन पायाला मुंगळं लागलं, ताई! एक न्हाई, दोन न्हाई, पलटन! हलायची सोय न्हाई. हललो की माईकात खसखस जायाची आन सगळं फिरून करायचं. त्यो चांदन्यातला तुकडा, लोक म्हनत्यात काळजातनं आला. कसलं काळीज! मुंगळ्यांची मेहरबानी.”

रशीदासुद्धा हसली. पण हसून झाल्यावर तिने सुई पुन्हा हातात घेतली, आणि गिरिजा उठली.

“पेपर उद्या निघतो. अजून छापला नसेल,” ती म्हणाली. “मी जाते.”

सगळं ऐकताच रत्नम्माने माग सोडला आणि तीही निघाली. चिमी कडेवर, ऊन तोंडावर, पायाखाली फुफाटा. छापखान्यात पोचेपर्यंत गिरिजाने निदान दहा वेळा चिमीच्या टाळूवर पदर ओढला असेल. आत शाईचा उग्र वास होता. खिळे जुळवणारा इसम एका लाकडी चौकटीत बारीक अक्षरं बसवत होता आणि केराबाई शेजारी स्टुलावर.

“अगदी वेळेवर आलात! तुमचाच मजकूर लागतोय,” त्या आनंदाने म्हणाल्या. “मथळा ऐका, ‘सोलापूरचा सारंगिया, कोल्हापूरचा कावा’.”

“केराबाई, तो काढा.”

“काढू? का म्हणून?”

गिरिजाने कागदाची, अंगठ्याची, पुढच्या बोलपटाची गोष्ट सांगितली. केराबाईंचा चेहरा कडक होत गेला. “म्हणजे हा तर दुप्पट अन्याय झाला! काम ह्यांचं, नाव त्याचं, वर तोंडाला कुलूप. आणि आपण गप्प बसायचं? मघाशी तुम्हीच तावातावाने बोलत होतात ना?”

“बोलत होते. ती माझी हौस होती,” गिरिजा म्हणाली. “पण ही गोष्ट चाचांची आहे, केराबाई. कधी सांगायची ते त्यांनी ठरवायचं. मी बोलले आणि माझं काय गेलं? मला पेढा मिळाला. जाणार आहे ते त्यांचं.”

“आणि माडीवरच्या अकरा बायकांच्या तोंडाचं काय?” रत्नम्माने मध्येच विचारलं.

“बायकांचं बोलणं कोल्हापूरपर्यंत कोण नेतंय?” केराबाई कोरडं हसल्या. “छापील कागद तेवढा जातो.” त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली, काढली, परत खोचली. “हे पाहा. खोटं मी छापणार नाही. लालसाबांचं नाव काढते. सोलापूर काढते. पण चूक ती चूक. सारंगी नखाने वाजवतात आणि पडद्यावर बोटाच्या टोकाने वाजवली, हे राहणार. एवढं तरी माझ्या वाचकांना कळलंच पाहिजे.”

गिरिजाने मान हलवली. यापेक्षा जास्त मागायला तिला तोंड नव्हतं. खिळे जुळवणाऱ्याने कुरकुरत दहा ओळी उपटल्या.

शनिवारी पेपर निघाला. स्त्रियांच्या पानावर तळाला छोटीशी टीप: बोलपट सुंदर, सारंगी अप्रतिम, मात्र नायकाने बोटं कुठे टेकतात ते एखाद्या सारंगियाच्या हाताकडे नीट पाहून घ्यायला हवं होतं. एवढंच. तरी गिरिजाला अन्न गोड लागेना. समोर दुपारचा रियाज चालू होता, चिमी झोपत होती, आणि गिरिजा प्रत्येक पोस्टमनला चोरासारखी बघत होती. “आता त्या बिचाऱ्याचीही तपासणी?” मास्तर म्हणाले, पण हसले नाहीत, त्यांनाही सगळं ठाऊक होतं.

दहाव्या दिवशी पोस्टमन नाही, टांगा आला. उन्हाचा चष्मा आणि धोतरावर कोट घातलेला एक लठ्ठ गृहस्थ उतरला आणि चाचांच्या दारात शिरला. हातात पेपराचं कात्रण होतं. ते स्त्रियांचं पान होतं, हे गिरिजाने वरूनच ओळखलं.

खिडकीतून शब्द ऐकू येत नव्हते, नुसतं दिसत होतं. गृहस्थ बोलतोय. कात्रण चाचांच्या नाकासमोर हलवतोय. चाचा खाली बघतायत. रशीदा आतल्या दाराला टेकून उभी, तोंडावर ओढणी. मग त्या गृहस्थाने चष्मा काढला, चाचांचा डावा हात आपल्या हातात घेतला, वैद्य नाडी बघायला घेतो तसा, आणि उजेडाकडे वळवला. एकेक बोट उचलून नखांच्या मुळाशी बघितलं. घट्ट्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा काहीतरी म्हणाला. चाचांनी मान वर केली.

टांगा गेला तसा बोळात आवाज घुमला. “ताई! ओ ताई, खाली या!”

गिरिजा चिमीला घेऊन जिना उतरली, का उडाली, कोण जाणे.

“त्यो कंपनीचा मॅनेजर,” चाचांना धाप लागली होती. “थेटरवाल्यानं कात्रन धाडलं कोल्हापूरला. मालक आदी भडकला म्हनं. मग त्यानं पिच्चर परत लावून बघितलं, नि त्येलाबी बोटं दिसली! एकदा दिसली की दिसतच ऱ्हात्यात की ती. म्हनला, पुढच्या पिच्चरला असलं हसं नको. तोंड नटाचं घ्या आन हात...” त्यांनी आपला डावा हात तिच्यापुढे धरला.

“हात अब्बांचे!” रशीदाने वाक्य पुरं केलं. “अब्बांचे हात पडद्यावर, ताई! एवढे मोठे!”

“झाडामागं न्हाई आता. झाडाच्या म्होरं! लायटीत!”

गिरिजाने चिमीला असं काही उंच उचललं की पोर आधी घाबरली आणि मग खिदळली. रत्नम्मा धोटा हातात तसाच घेऊन धावत आली आणि ऐकून म्हणाली, “मग हाताला तेल लाव की रोज! नवरीसारखं जपायला पायजे आता.”

“आणि चाचा, नाव?” गिरिजाला राहवलं नाही. “नाव देणार का पडद्यावरच्या पाटीत?”

“आदी हात तर येऊ द्या उजेडात,” चाचा म्हणाले. “नावाचं मागनं बघू.” आणि मग, लगेच, घाईने: “पन त्येच्या आदी एक काम हाय. मॅनेजर म्हनला, ह्या पिच्चरला तबल्याचेबी हात लागनार. मी म्हनलो, तबलजी माझा मी आनतो. हाय माझा जोडीदार. त्यो म्हनला, गोकुळअष्टमीपातूर आनला तर ठीक, न्हाईतर आमचा आमी बघू.”

तर आता चाचा कोल्हापूरला पोचलेसुद्धा. त्यांनी कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं दोन ओळींचं कार्ड आलं आहे, आणि दोन्ही ओळींत एकच प्रश्न आहे: ज्ञानबा सापडला का? गिरिजाने मोहोळला त्याच्या बहिणीच्या पत्त्यावर तीन पत्रं टाकली, उत्तर नाही. एका मोटारवाल्याने सांगितलं की असा माणूस टेंभुर्णीच्या नाक्यावर चहाच्या दुकानात पाणी भरताना दिसला होता, अंगाने फार खंगलेला. त्यालाही आता महिना झाला. रत्नम्माचा नवरा जाऊन पाहून आला, तर दुकानवाला म्हणाला, गेला कुठेतरी.

म्हणून गिरिजाचं तुम्हा वाचणाऱ्यांकडे एक मागणं आहे. तुम्ही मोहोळ, टेंभुर्णी, कुर्डुवाडीच्या अंगाला राहत असाल, किंवा जाणार असाल, तर नाक्यावर, धर्मशाळेत, देवळाच्या ओवरीत जरा डोकावून या. पन्नाशीचा गडी, बुटका, डोक्याला हिरवा पटका, उजव्या हाताची करंगळी थोडी वाकडी. स्वतःहून नाव सांगायचा नाही. तुम्हीच ‘ज्ञानबा’ म्हणून हाक मारून बघा. अष्टमीला फार दिवस उरलेले नाहीत. भेटला, तर जेवला आहे का ते आधी विचारा, आणि मग सांगा, लालसाबने बोलावलंय.